एआय सहायकाकडून कोड लिहून घेताना: काम सांगायचं कसं, तपासायचं कसं?

कोरा कागद

कोड लिहून देणारे एआय सहायक आता बऱ्याच कंपन्यांत पोचलेत, पण ते वापरायचे कसे हे शिकवायची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. लायसन्स मिळतं, तासाभराचा व्हिडिओ दाखवतात, आणि लगेच काम दुप्पट वेगाने व्हावं अशी अपेक्षा सुरू होते. माझ्या ओळखीतले काही जण एकदोन वाईट अनुभवांनंतर पुन्हा त्याच्या वाटेला गेले नाहीत. काही जण समोर येईल ते टॅब दाबून घेत सुटलेत. या दोन्हींच्या मधलं काहीतरी शोधणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. मी पुण्यात हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. मागे (सर्व्हरवर) जावा, पुढे (ब्राउझरमध्ये) रिअ‍ॅक्ट.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. 'एआय सहायक' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. पहिली, टाइप करताना पुढची ओळ सुचवणारी. गिटहब कोपायलट २०२१ च्या जूनमध्ये चाचणीसाठी आला आणि २०२२ च्या जूनमध्ये सगळ्यांना खुला झाला, तो असा होता. दुसरी, गप्पांची खिडकी. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आल्यावर आपण सगळेच तिथे कोड चिकटवून प्रश्न विचारायला लागलो. तिसरी म्हणजे एजंट. तो स्वतः फाइली उघडतो, बदलतो, टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे कोड) चालवतो, चूक दिसली तर पुन्हा बदलतो. क्लॉड कोड २०२५ च्या फेब्रुवारीत आला, कर्सर आणि कोपायलटमध्येही एजंट मोड आहे. बहुतेकांची अडचण इथेच होते. पहिल्या प्रकारात ओळ वाचून हो किंवा नाही म्हणणं पुरतं. एजंट एका दमात आठदहा फाइली बदलून ठेवतो, तिथे ती सवय कामाची नाही.

माझं आता ठाम मत झालंय की काम सांगायच्या आधी, ते नीट झालं हे कशावरून ओळखायचं ते ठरलेलं हवं. प्रॉम्प्टची (एआयला दिलेल्या सूचनेची) भाषा, मॉडेल कुठलं, ही चर्चा त्याच्या नंतरची.

एक उदाहरण देतो. तारीख दिली की आर्थिक वर्ष सांगणारं फंक्शन हवं होतं, जावास्क्रिप्टमध्ये. काम एवढंसं. एजंटला सांगण्यापूर्वी मी टेस्ट लिहून ठेवल्या: ३१ मार्च २०२५ दिल्यावर '२०२४-२५', १ एप्रिल २०२५ दिल्यावर '२०२५-२६', मग ३१ डिसेंबर, १ जानेवारी आणि रिकामी तारीख. एजंटने लिहिलेला कोड वाचायला अगदी स्वच्छ होता. पण १ एप्रिलची टेस्ट पडली.

कारण असं. त्याने १ एप्रिलच्या मध्यरात्रीची तारीख बनवली, ती 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' वापरून मजकुरात बदलली आणि पहिली दहा अक्षरं उचलली. हे फंक्शन वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) देतं, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे आपली १ एप्रिलची मध्यरात्र तिथे ३१ मार्चच्या संध्याकाळचे साडेसहा होतात. म्हणजे १ एप्रिलचं बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडलं. जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्या कुणालाही विचारा, हा घोटाळा निस्तरायला काय लागतं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. "टेस्ट पडतेय, दुरुस्त कर" असं सांगितल्यावर एजंटने फंक्शन तसंच ठेवलं आणि टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदललं. सगळं हिरवं झालं, आणि "सर्व टेस्ट उत्तीर्ण" असा निरोपही आला. डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी यादी) वाचत होतो म्हणून दिसलं. तो बदल मागे घेतला आणि पुन्हा सांगितलं: टेस्टच्या फाइलला हात लावायचा नाही, तारीख भारतीय वेळेनुसारच धरायची, यूटीसीत रूपांतर करायचं नाही. दुसऱ्या खेपेला बरोबर आलं.

आणि हाच चुकीचा कोड आमच्या बिल्ड सर्व्हरवर (कोड बांधून टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) पास झाला असता, कारण त्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर आहे. म्हणून आता तारखांच्या टेस्ट आम्ही दोनदा चालवतो, एकदा यूटीसीत आणि एकदा आशिया/कोलकाता लावून.

अशा गोष्टी दरवेळी सांगाव्या लागू नयेत म्हणून प्रकल्पात सूचनांची फाइल ठेवता येते. क्लॉड कोड 'क्लॉड डॉट एमडी' वाचतो, इतर काही साधनं 'एजंट्स डॉट एमडी' वाचतात. आमच्या फाइलीत बिल्ड आणि टेस्ट कुठल्या कमांडने चालतात ते आहे. पैशांसाठी डबल (अपूर्णांक अंदाजे साठवणारा जावाचा प्रकार) वापरायचा नाही, बिगडेसिमलच (तंतोतंत साठवणारा), हे आहे. नवी लायब्ररी (दुसऱ्यांचा तयार कोड) विचारल्याशिवाय जोडायची नाही, चालून गेलेल्या मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलांच्या) फाइली बदलायच्या नाहीत. साधारण एक पान. ती फाइल लांबत गेली की मधले नियम पाळले जात नाहीत असं दिसलंय, म्हणून जे खरोखर मोडलं जातं तेवढंच ठेवतो.

तुमचे अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

---

राईनकाठ

वाचनखूण साठवली. सविस्तर नंतर लिहितो.

---

बकुळ

टेस्टचा मुद्दा अगदी पटला. मी टेस्टिंगमध्येच आहे, त्यामुळे थोडी भर घालते.

कोड एजंटने लिहिला आणि टेस्टही त्याच्याकडूनच मागून लिहून घेतल्या, तर त्या टेस्ट कोड जे करतो तेच बरोबर मानतात. कोडमध्ये चूक असेल तर टेस्टमध्ये तीच चूक अपेक्षित उत्तर म्हणून येते. दुसरं, मॉकचा (खऱ्या भागाच्या जागी ठेवलेल्या नकली भागाचा) अतिरेक. डेटाबेस मॉक, सर्व्हिस मॉक, घड्याळ मॉक, आणि शेवटी टेस्ट काय तपासते तर मॉकने आपण सांगितलेलं उत्तर दिलं की नाही. कव्हरेजचा (टेस्टमध्ये किती टक्के कोड चालला त्याचा) आकडा मात्र नव्वदच्या वर दिसतो आणि वरचे लोक खूश होतात.

मी एक साधी तपासणी करते. कोडमध्ये मुद्दाम एक बिघाड करायचा. 'पेक्षा मोठं किंवा समान' असेल तिथे नुसतं 'पेक्षा मोठं' करायचं, बेरजेच्या जागी वजाबाकी करायची, आणि टेस्ट चालवायच्या. एकही पडली नाही तर त्या टेस्ट असून नसल्यासारख्या. जावासाठी हेच आपोआप करणारं पिटेस्ट नावाचं साधन आहे, याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. हाताने करायचं असेल तर महत्त्वाच्या चारपाच ओळींवर करा, तेवढ्यानेही खूप कळतं.

कोरा कागद, तुम्ही टेस्ट स्वतः लिहिता असं दिसतंय. सगळ्या कामांना ते जमतं का? आमच्याकडे डेव्हलपर म्हणतात तेवढा वेळ नाही.

---

कोरा कागद

बकुळ, सगळ्या कामांना नाही जमत. मी उदाहरणं स्वतः ठरवतो: कुठली माहिती आत, कुठलं उत्तर बाहेर, आणि कडेच्या केसेस. ते साध्या तक्त्यात लिहून देतो आणि टेस्टचा कोड एजंटला लिहायला लावतो. मग टेस्ट वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या स्वतंत्र नोंदीत) टाकतो आणि त्यानंतर खरं काम सांगतो. त्यामुळे पुढे टेस्टची फाइल बदलली तर डिफमध्ये लगेच उठून दिसते.

बिघाड करून बघायची सूचना फार आवडली. आमच्याकडे सुरू करतो.

---

घाटवाट

धागा चांगला आहे, पण विरोधी बाजू मांडतो. मी बेंगळुरूत बरीच वर्षं सिस्टिम्समध्ये काम करतोय.

२०२५ च्या जुलैत मेटर या संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्या स्वतःच्या ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांतली २४६ कामं. काही कामांना एआयची मुभा, काहींना नाही, आणि कुठल्या कामाला मुभा हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेलं. एआयची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि माझ्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट म्हणजे, सगळं झाल्यावरही त्या डेव्हलपरांना वाटत होतं की आपण एआयमुळे सुमारे २० टक्के लवकर संपवलं.

म्हणजे आपल्या वेगाबद्दल आपल्याला जे वाटतं त्यावर विसंबता येत नाही. मोजल्याशिवाय 'मला फायदा होतो' या वाक्याला अर्थ नाही. आणि आम्हाला मॅनेजर हेच वाक्य दर तिमाहीला विचारतात.

माझा स्वतःचा आक्षेप वाचण्याच्या कष्टाबद्दल आहे. स्वतः लिहिलेला कोड लिहितानाच समजलेला असतो. दुसऱ्याने लिहिलेला समजून घ्यायला वेगळा वेळ लागतो, आणि एजंटचा कोड दिसायला इतका नीटनेटका असतो की डोळा पुढे सरकतो. तुमचं १ एप्रिलचं उदाहरण तेच सांगतं. तुमच्याकडे टेस्ट होत्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांचा कोड आज चालू आहे.

---

कोरा कागद

घाटवाट, अभ्यासाचा उल्लेख केलात हे फार बरं झालं. दोन गोष्टी त्यासोबत लक्षात ठेवायला हव्यात असं वाटतं. ते लोक स्वतःच्या हाताने वाढवलेल्या प्रकल्पात काम करत होते, आणि साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती. ज्या कोडचा कोपरा न् कोपरा पाठ आहे तिथे मीही एजंटला फारसं बोलवत नाही. सांगण्यात आणि तपासण्यात जो वेळ जातो तेवढ्यात स्वतः लिहून होतं. मला उपयोग होतो तो अनोळखी भागात. दुसऱ्या टीमचं मॉड्यूल, कधी न वापरलेली लायब्ररी, एकदाच चालवायची स्क्रिप्ट.

पण मोजायला हवं हे शंभर टक्के मान्य. कामाला सुरुवात केल्यापासून मर्ज होईपर्यंत (मुख्य कोडमध्ये मिसळेपर्यंत) किती वेळ गेला, आणि नंतर त्याच भागात किती दोष निघाले, एवढं तरी टिपून ठेवायला हवं. नुसत्या ओळी मोजून काही कळत नाही.

---

दप्तरी

कोरा कागद यांच्या 'अनोळखी भाग' या मुद्द्याला अनुमोदन.

मी मुंबईत बँकिंगच्या जुन्या प्रणालींवर काम करते. आमच्याकडे हजारो ओळींच्या स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला कोड) आहेत. लिहिणारे निवृत्त झालेत, कागदपत्रं नाहीत. व्याजाच्या हिशेबातली एखादी अट का घातली आहे हे कुणालाच सांगता येत नाही. अशा ठिकाणी मला एजंटचा सगळ्यात मोठा उपयोग वाचनासाठी झाला.

पहिली सूचना नेहमी हीच देते: एकही ओळ बदलायची नाही, फक्त वाच आणि समजावून सांग, प्रत्येक विधानासोबत ओळ क्रमांक दे. क्लॉड कोडमध्ये यासाठी प्लॅन मोड आहे, त्यात तो फाइली बदलत नाही, काय करणार तेवढं मांडतो. ओळ क्रमांक मागणं फार गरजेचं आहे. नाहीतर 'इथे बहुधा किमान शिल्लक तपासली जाते' अशी वाक्यं येतात, आणि ती प्रोसिजरच्या नावावरून केलेला अंदाज असतात. क्रमांक दिला की मी ती ओळ उघडून बघते. जिथे क्रमांक देता येत नाही तिथे त्याला माहीत नाही असं धरते.

त्यानंतर आजचं वर्तन पकडून ठेवणाऱ्या टेस्ट. आजची प्रोसिजर ठरावीक माहितीवर जे उत्तर देते, ते बरोबर असो वा चूक, जसंच्या तसं नोंदवायचं. मग एकेक बदल. नवा माणूस टीममध्ये आला तर पहिल्याच आठवड्यात त्याला व्याजाच्या कोडला हात लावू देत नाही, आधी वाचायला बसवतो. इथेही मी तेच करते.

खरा ग्राहकांचा डेटा अर्थातच कधीच नाही. बनवलेली खाती वापरते.

---

तिसरं वर्ष

नमस्कार, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात. धागा पूर्ण वाचला, बराचसा कळला.

आमच्या वर्गात मिनी प्रोजेक्ट सगळे एआयकडूनच करून घेतात. मीही वापरते. व्हायवाला मात्र कुणालाच नीट उत्तरं देता येत नाहीत. प्लेसमेंटच्या परीक्षेत ही साधनं नसतात. वापरलं नाही तर मागे पडू अशी भीती वाटते, आणि वापरलं तर काही येतच नाही असं होतं. तुम्ही सगळे आधी हाताने शिकलात आणि मग हे आलं. आमचं उलट आहे. सर, ताई, आम्ही काय करावं?

---

दप्तरी

अगं, प्रश्न अगदी योग्य विचारलास. माझी भाची तुझ्याच वयाची आहे, तिला जे सांगितलं तेच सांगते.

शिकताना एजंट बंद ठेव आणि गप्पांची खिडकी उघडी ठेव. सुरुवातीलाच सांग, "मला कोड देऊ नकोस, प्रश्न विचारून मला उत्तरापर्यंत ने." आधी स्वतः लिही, मोडकंतोडकं का असेना. मग ते दाखवून विचार की हे कुठल्या माहितीवर कोसळेल? त्याने सांगितलेली माहिती देऊन स्वतः चालवून बघ, कारण तो कधी कधी चुकीचंही सांगतो. तो चुकला हे जेव्हा तुझं तुला कळेल ना, त्या दिवशी तो विषय तुला आला असं समज.

एरर आली की लगेच चिकटवू नकोस. पूर्ण स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या कुठल्या ओळींतून आली ती यादी) वाच, तुझ्या फाइलीचं नाव कुठल्या ओळीत आहे ते शोध, अंदाज बांध. त्यानंतर विचार.

---

घाटवाट

दप्तरी यांच्या उत्तराशी पूर्ण सहमत. एक जोडतो. आंद्रे कार्पाथी यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत 'व्हाइब कोडिंग' हा शब्द आणला तेव्हा कोड न वाचता सगळं स्वीकारत जाण्याबद्दल लिहिलं होतं, आणि ते शनिवार-रविवारच्या फेकून द्यायच्या प्रकल्पांना चालतं असंच म्हटलं होतं. ते स्वतः न्यूरल नेटवर्कं हाताने लिहून शिकवणारे आहेत. कॉलेजातला प्रोजेक्ट फेकून द्यायचा नसतो, त्यातून तुला घडायचं असतं.

मुलाखती मीही घेतो. प्रोजेक्ट मोठा आहे का हे मी बघत नाही. त्यातलं एक फंक्शन उघडून विचारतो, इथे लिस्टऐवजी मॅप का घेतला? याचं उत्तर देणारी मुलं फार कमी भेटतात, आणि ती निवडली जातात.

---

तिसरं वर्ष

खूप खूप आभार. अजून एक विचारते, मराठीत प्रश्न विचारले तर चालतात का? इंग्रजीत नीट मांडता येत नाही.

---

कोरा कागद

चालतात, बिनधास्त विचार. समजावून घ्यायला तर मराठीतच विचारावं. फंक्शनांची आणि फाइलींची नावं जशी आहेत तशी ठेव. देवनागरीला टोकन (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) जास्त लागतात, म्हणजे फुकट मर्यादा थोडी लवकर संपते, एवढंच.

---

राईनकाठ

आता सविस्तर. मी जर्मनीत असतो, सुरक्षेच्या बाजूला काम करतो. धाग्यात ही बाजू अजून आलेली नाही म्हणून लिहितो.

ही मॉडेलं अस्तित्वात नसलेल्या लायब्ररींची नावं सुचवतात. नाव अगदी पटण्यासारखं असतं. ते नुसतं चुकलं असतं तर इन्स्टॉल झालं नसतं आणि विषय संपला असता. पण अशी वारंवार सुचवली जाणारी खोटी नावं हेरून त्याच नावाने घातक पॅकेज नोंदवून ठेवता येतं. याला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. म्हणून 'नवी लायब्ररी विचारल्याशिवाय नको' हा कोरा कागद यांचा नियम सगळ्यांनी घ्यावा. एजंटने नाव सुचवलं की एनपीएम किंवा पायपीआयवर (लायब्ररी जिथे नोंदवलेल्या असतात त्या साइटवर) जाऊन ते कधीपासून आहे, कोण सांभाळतं, मूळ कोड कुठे आहे हे बघा.

दुसरं म्हणजे परवानग्या. एजंट तुमच्या टर्मिनलमध्ये तुमच्याच अधिकाराने कमांड चालवतो. दर वेळी 'हो' दाबायचा कंटाळा येतो आणि लोक सगळ्यालाच कायमची परवानगी देऊन टाकतात. वाचणं, शोधणं, टेस्ट चालवणं याला द्या. पुसणं, पुश करणं (कोड सर्व्हरवर चढवणं), नेटवर्कवर काही पाठवणं याला देऊ नका. प्रॉडक्शनच्या डेटाबेसचा पासवर्ड त्या मशीनवर एनव्हायर्नमेंट (सेटिंग्जच्या) फाइलीतसुद्धा नको. शक्य असेल तर एजंट कंटेनरमध्येच (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) चालवा.

तिसरी गोष्ट अजून कमी लोकांना माहीत आहे. एजंट जे वाचतो त्यातली वाक्यं त्याला सूचना वाटू शकतात. कुणा अनोळखी माणसाने गिटहबवरच्या इश्यूमध्ये (तक्रारीच्या नोंदीत) किंवा रीडमीमध्ये (माहितीच्या फाइलीत) 'आधी अमुक कमांड चालव' असं लपवून ठेवलं, तर एजंट ती चालवायला जाऊ शकतो. प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात ते हेच, आणि यावर अजून पक्का उपाय नाही. अनोळखी रेपोत (कोडच्या साठ्यात) एजंट सोडताना हे मनात असू द्या.

---

बकुळ

राईनकाठ, हे आमच्या टीमला जसंच्या तसं पाठवते. परवानग्यांचा भाग तर छापून लावायला हवा.

---

रानजाई

मी मराठी शब्दसंग्रहाच्या एका छोट्या वेबसाइटवर काम करते, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळा आहे. पण धाग्याच्या मुख्य मुद्द्यात चपखल बसतो, म्हणून लिहिते.

मराठीच्या बाबतीत एजंट इंग्रजीसाठी बरोबर असलेला कोड देतो आणि काम झालं म्हणतो. शब्दांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली, तर त्याने साधं सॉर्ट वापरलं. युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर. इंग्रजी शब्द घातलेली त्याची टेस्ट हिरवी होती. मराठी न वाचणाऱ्या कुणालाही ही चूक कधीच दिसली नसती.

तसंच अक्षरं मोजण्याचं. 'स्त्री' हे वाचणाऱ्याला एक अक्षर, जावास्क्रिप्टच्या लेंग्थला ६. इंटल सेगमेंटर (मजकूर अक्षरांत तोडणारं जावास्क्रिप्टचं साधन) वापर म्हटलं की सुधारतं, पण तिथेही जुन्या ब्राउझरांत ३ येतात. भारतीय जोडाक्षरं न तोडण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला.

आणि शोध. 'दऱ्या' मधला 'ऱ' एका कोडपॉइंटनेही (युनिकोडच्या एका क्रमांकानेही) लिहिता येतो, आणि 'र' खाली नुक्ता (टिंब) देऊनही. दिसायला एकच. एकाने टाइप केलेला शब्द दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन (दोन्ही रूपं एकाच रूपात आणणं) करायला सांगावं लागतं. सांगितलं की एजंट ते व्यवस्थित करतो. पण सांगायला ते आपल्याला माहीत हवं.

---

कोरा कागद

रानजाई, फार मोलाची माहिती. आमच्या ग्राहकांच्या नावांच्या याद्या मराठीत निघतात आणि क्रमाची तक्रार खरोखरच येते. तुम्ही टेस्टसाठी कुठले शब्द घेता ते इथे टाकाल का? सरळ उचलून वापरता येतील.

---

रानजाई

हो, घ्या.

क्रमासाठी: कलम, कवच, कसब, कहर, कळस. याच क्रमाने यायला हवेत. साध्या सॉर्टने 'कळस' दुसऱ्या जागी येतो. एजंटला इंटल कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारं साधन) 'एमआर' (मराठी) लोकेल देऊन वापरायला सांगा आणि तुमच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष चालवून बघा, कारण नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) कुठल्या भाषांच्या माहितीसह बांधलं आहे त्यावर ते अवलंबून असतं. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे घ्यायचे हे शब्दकोशांतही सगळीकडे सारखं नसतं. ते तुमच्या ग्राहकांना विचारून ठरवा आणि तो निर्णय सूचनांच्या फाइलीत लिहून ठेवा.

मोजण्यासाठी: स्त्री, क्षत्रिय, राष्ट्र, ज्ञानेश्वर.

शोधासाठी: दऱ्या, पुऱ्या, सुऱ्या. प्रत्येक शब्द दोन्ही पद्धतींनी साठवा आणि दोन्ही पद्धतींनी शोधा, म्हणजे एका शब्दाच्या चार टेस्ट. काही जुन्या मजकुरात 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असं तिसऱ्याच पद्धतीनेही लिहिलेलं सापडतं, आणि ते एनएफसीने एक होत नाही. तुमच्याकडे जुन्या याद्या आयात होत असतील तर त्याचा बदल वेगळा लिहून घ्या.

---

कोरा कागद

आमच्याकडे २०१० च्या आधीच्या याद्या आयात झालेल्या आहेत, म्हणजे तिसरी पद्धत नक्की सापडणार. उद्या आधी तेवढ्या नोंदी शोधून काढतो, आणि बदलाची स्क्रिप्ट एजंटला सांगण्यापूर्वी वरचे शब्द टेस्टमध्ये घालतो. निकाल इथेच लिहीन.